पत, किंमत आणि माणूस



‘पत’ हा शब्द आपण दोन ठिकाणी वापरतो. पतसंस्थेत किंवा आडत्याच्या दुकानावर आपल्याला जेवढी रक्कम उसनी मिळू शकते, ती आपली पत. आणि चारचौघांत आपल्या शब्दाला जो मान असतो, तीही आपली पत. कर्जाचा हप्ता थकला की पहिली पत कमी होते. पण ज्याचा हप्ता थकला आहे त्याला वाटते की आपली दुसरी पतही गेली. मग तो बाजारात जाण्याचे टाळतो, भाऊबंदांच्या लग्नाला जात नाही, रविवारी चर्चमध्ये आला तरी मागच्या बाकावर बसून आशीर्वादाआधीच निघून जातो.

‘किंमत’ या शब्दाचेही तसेच आहे. आपण भाजीची किंमत विचारतो, आणि ‘या घरात माझी काही किंमत नाही’ असेही म्हणतो. श्रीमंत माणसाला ‘मोठा माणूस’ म्हणतो. एखाद्याचे मनापासून कौतुक करायचे झाले, तरी ‘लाखमोलाचा माणूस’ असे म्हणून त्याला लाखांतच मोजतो. भाषेला दोष देऊन उपयोग नाही. आपण जसे जगतो तशी आपली भाषा घडते.

म्हणून आजच्या चिंतनासाठी एक प्रश्न घेऊ या. माझी स्वतःची किंमत आणि माझ्याजवळचा पैसा या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करता येतात का? ‘येतात’ असे उत्तर आपण सगळे चटकन देऊ. पण हे बरोबर उत्तर चुकीच्या रीतीनेही देता येते, आणि तसे दिले तर त्यात गरिबाचेच नुकसान होते. ते कसे, हे जरा सावकाश पाहू.

नवे गुरू

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्याकडे व्यक्तिमत्त्व विकासाचे वारे जोरात वाहू लागले आहे. अमेरिकेत १९३७ साली निघालेले नेपोलियन हिल यांचे ‘थिंक अँड ग्रो रिच’, १९९७ साली निघालेले रॉबर्ट कियोसाकी यांचे ‘रिच डॅड पुअर डॅड’, २००६ साली निघालेले रोंडा बर्न यांचे ‘द सीक्रेट’ ही पुस्तके मराठीत आली आणि एस.टी. स्टँडवरच्या पुस्तकांच्या दुकानांतही दिसू लागली. आता तर पुस्तक विकत घेण्याचीही गरज उरलेली नाही. मोबाइल उघडला की कोणी ना कोणी आपल्याला श्रीमंत होण्याचे सात नियम सांगत असतो. मंगल कार्यालयात सभा भरतात, टाय बांधलेला वक्ता मंचावर येतो, टाळ्या पडतात, आणि शेवटी पैसे भरून नाव नोंदवायचा कागद हातात येतो.

या सगळ्यात काहीच चांगले नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. रोजचा जमाखर्च लिहा, चैनीसाठी कर्ज काढू नका, लवकर बचत सुरू करा, हे सल्ले चांगलेच आहेत. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी बारावी झाले आहे, त्या घरातल्या मुलाला ‘तू करू शकतोस’ असे सांगणारा आवाज मिळत असेल, तर त्या आवाजाची टिंगल करण्याचे आपल्याला कारण नाही.

पण सल्ल्यांच्या पाठोपाठ आणखी एक शिकवण हळूच आत येते. कियोसाकी यांच्या पुस्तकात दोन वडील आहेत. शिकलेले, शिक्षण खात्यात नोकरी करणारे वडील हे ‘गरीब’ वडील. धंदा करणारे मित्राचे वडील हे ‘श्रीमंत’ वडील. वाचकाने कोणाकडून शिकायचे हे शीर्षकातच ठरलेले आहे. पैशाचा धडा शिकता शिकता आपण माणसांची एक उतरंडही शिकून जातो. या उतरंडीत साने गुरुजी कुठे बसतील? १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक असलेल्या, वसतिगृहातल्या मुलांची आईच्या मायेने काळजी घेणाऱ्या त्या माणसाला ‘गरीब’ वडिलांच्याच रांगेत बसावे लागेल.

अलीकडचे वक्ते जरा सावध झाले आहेत. ते म्हणतात, ‘तुम्ही म्हणजे तुमची बँकेतली शिल्लक नव्हे.’ ऐकायला बरे वाटते. पण पुढचे वाक्य बहुतेक वेळा असे असते : ‘आधी स्वतःची किंमत ओळखा, म्हणजे जगही तुम्हाला तेवढी किंमत देईल.’ म्हणजे गाडी फिरून त्याच स्टेशनवर आली. आत्मसन्मान हवा, कशासाठी? तर जास्त कमावण्यासाठी. आणि कमाई वाढली नाही, तर याचा अर्थ आत्मसन्मान कमी पडला. पुन्हा एकदा शिबिराला या.

यातली सर्वांत कठोर गोष्ट मंचावरून कोणी उघड बोलत नाही. श्रीमंती जर योग्य विचारांमुळे येत असेल, तर गरिबी ही अयोग्य विचारांमुळे येत असली पाहिजे. म्हणजे गरीब हा नुसता गरीब राहिला नाही, तो दोषीही ठरला. बायबलमध्ये ईयोबाचे मित्र हेच करतात. ईयोबाची गुरेढोरे गेली, मुले गेली, अंगावर फोड उठले. मित्र भेटायला येतात, काही दिवस त्याच्याजवळ गप्प बसून राहतात. तेवढे ते चांगले वागतात. मग बोलू लागतात, आणि त्यांच्या बोलण्याचे सार एकच असते : तुझे काहीतरी चुकले असणार. ग्रंथाच्या शेवटी परमेश्वर ईयोबावर नाही, या मित्रांवर रागावतो.

एकाच रेल्वेमार्गावरची दोन गावे

तत्त्वज्ञानातली गोष्ट आपल्या भागातल्या उदाहरणांवर तपासून पाहावी, म्हणजे ती खरी की खोटी हे लवकर कळते.

दोंडाईचाहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसले की शिंदखेडा, नरडाणा मागे टाकून अमळनेर येते. तिथे १९४५ साली महंमद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाची कंपनी काढली. १९६६ मध्ये ते वारले आणि त्यांचे चिरंजीव अझीम प्रेमजी यांनी अमेरिकेतले शिक्षण मध्येच सोडून कारभार हाती घेतला. हीच कंपनी पुढे ‘विप्रो’ झाली. सुरुवातीच्या काळात अमळनेरच्या काही शेतकऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी तिचे शेअर घेतले होते. पुढे कंपनी संगणकाच्या धंद्यात शिरली, वाढत गेली, एका शेअरचे अनेक शेअर झाले, आणि ज्यांच्या घरात ते जुने कागद जपून राहिले होते ती घरे कोट्यधीश झाली. ही हकिकत खानदेशात सगळ्यांना ठाऊक आहे.

आता विचार करा. एकाच आळीत दोन घरे आहेत. दोन्ही घरांतल्या आजोबांनी शेअर घेतले. एकाने मुलीच्या लग्नासाठी किंवा कोणाच्या आजारपणासाठी ते विकून टाकले. दुसऱ्यावर तशी वेळ आली नाही, म्हणून कागद पेटीत राहिले. आज एक नातू कोट्यधीश आहे, दुसरा नोकरी करतो. पहिल्या नातवाचे विचार दुसऱ्यापेक्षा दहा हजार पटींनी चांगले होते का? आजोबांनी मुलीच्या लग्नासाठी शेअर विकले, हा दोष होता की ते बापाचे कर्तव्य होते? ज्यांनी धीराने शेअर ठेवले त्यांच्या धीराचे कौतुक करू या. पण धीर धरायला घरात दोन वेळचे अन्न लागते, हेही लक्षात ठेवू या.

दुसरे गाव आपल्या शेजारचेच, शिंदखेडा तालुक्यातले विखरण. दोंडाईचाच्या वीज प्रकल्पासाठी तिथली जमीन संपादित झाली. त्यात धर्मा पाटील या वृद्ध शेतकऱ्याची सुमारे पाच एकर जमीन होती. त्यांना सुमारे चार लाख रुपये मोबदला मिळाला. शेजारच्या जमिनींना यापेक्षा कितीतरी अधिक मिळाले, आपल्यावर अन्याय झाला, अशी त्यांची तक्रार होती. त्यासाठी त्यांनी सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. २२ जानेवारी २०१८ रोजी मुंबईला मंत्रालयात त्यांनी टोकाचे पाऊल उचलले आणि २८ जानेवारीला त्यांचे निधन झाले. वयाची ऐंशी वर्षे ओलांडलेला माणूस होता तो.

त्यांच्या मनात शेवटी काय होते, हे आपण सांगू शकत नाही. ते पाऊल योग्य होते असेही आपली श्रद्धा म्हणू देत नाही, कारण आयुष्य हे परमेश्वराचे दान आहे. त्यांना आपण त्याच्या दयेच्या हाती सोपवतो. पण त्यांच्यासमोर जाऊन कोणी ‘आबा, माणसाची किंमत पैशात नसते, चार लाखांत समाधान माना’ असे म्हणाले असते, तर ते बोलणे कसे वाटले असते? वाक्य खरे आहे. पण त्या जागी, त्या तोंडून ते अन्यायाच्या बाजूचे साक्षीदार झाले असते.

अमळनेर आणि विखरण या दोन गावांतून आपल्याला काय समजते? माणसाजवळचा पैसा ही अनेक गोष्टींची नोंद असते. आजोबांनी काय विकले, जमीन कुठल्या गटात होती, पंचनाम्यात विहीर आणि झाडे धरली की नाही, पाऊस कधी आला, कापसाला यंदा काय भाव निघाला, आणि हो, आपण स्वतः किती कष्ट केले, या सगळ्यांची ती बेरीज-वजाबाकी असते. आपले कष्ट हा त्या हिशेबातला एक आकडा आहे. उरलेले बरेच आकडे दुसऱ्यांनी लिहिलेले असतात. अशा हिशेबाच्या शेवटी येणाऱ्या रकमेला ‘मी’ असे नाव देणे हे मुळात चुकीचे गणित आहे.

साज बनवणाऱ्याचा मुलगा

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना जर्मन विचारवंत इमॅन्युएल कांट यांच्यापाशी सगळे विद्यार्थी अडखळतात, कारण ते फार अवघड लिहितात. पण त्यांचा एक विचार कोणालाही समजण्यासारखा आहे. कांट हे घोड्यांचे साज बनवणाऱ्या एका कारागिराचे चिरंजीव. १७८५ साली निघालेल्या नीतिशास्त्रावरच्या एका लहान ग्रंथात त्यांनी किंमत आणि प्रतिष्ठा यांत फरक केला. ज्या वस्तूच्या बदली तेवढ्याच मोलाची दुसरी वस्तू देता येते, तिला किंमत असते. ज्याच्या बदली काहीच देता येत नाही, त्याला प्रतिष्ठा असते. बैल गेला तर दुसरा बैल आणता येतो. दुःख होते, पण नांगर पुन्हा चालतो. मूल गेले तर त्याच्या बदली दुसरे मूल आणता येत नाही, मग घरात आणखी चार मुले का असेनात. माणूस हा बदली नसलेल्यांत मोडतो.

हे नीट पाहिले की आपला गोंधळ बराच सुटतो. माझ्या कामाला किंमत आहे, आणि ती कमी-जास्त होणारच. गवंड्याला एक रोज, त्याच्या हाताखालच्या मजुराला दुसरा. डॉक्टरची फी वेगळी, शिक्षकाचा पगार वेगळा. बाजारात हे चालायचेच. पण ती माझ्या कामाची किंमत झाली. काम करणारा मी त्या रकान्यात बसत नाही.

इथे आपल्या खानदेशच्या बहिणाबाईंची आठवण होते. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) लिहायला-वाचायला शिकल्या नव्हत्या. शेतात आणि घरात राबता राबता त्या ओव्या रचत. चिरंजीव सोपानदेव आणि घरातल्या मंडळींनी त्या टिपून ठेवल्या, आणि बाईंच्या निधनानंतर, १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रयत्नाने त्यांचे पुस्तक निघाले. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. ही गोष्ट आपण बहुधा यशोगाथा म्हणून सांगतो : बघा, शेवटी त्यांना मान मिळालाच! पण समजा, ते कागद पावसात भिजून गेले असते. अत्र्यांच्या हाती काहीच लागले नसते. विद्यापीठाला दुसऱ्या कोणाचे तरी नाव मिळाले असते. तर जात्यावर बसलेल्या त्या बाई कमी मोलाच्या ठरल्या असत्या का? आपल्या आळीतल्या, कागदावर कधीच न आलेल्या आजीबाईंचे मोल मग कशावर ठरवायचे?

म्हणजे केवळ पैसा काढून त्या जागी यश, प्रसिद्धी, मार्क किंवा मोबाइलवरचे ‘लाइक’ ठेवले, तर काहीच सुटले नाही. मोजपट्टी बदलली, मोजणे तसेच राहिले.

एक रास्त आक्षेप

इथे कोणी उठून मला विचारील, ‘फादर, पैसा काही नाही असे म्हणणे पोट भरलेल्यांना सोपे असते.’ हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर दिले पाहिजे.

आपल्या देशात पैशाच्या आधी माणसाची किंमत जन्मावरून ठरत होती. ज्यांना गावाबाहेर ठेवले, पाणवठ्यावर येऊ दिले नाही, ज्यांच्या आई-वडिलांना एकेरी नावाने हाक मारली गेली, त्यांच्या मुलाने नोकरी मिळवली, पक्के घर बांधले, मोटारसायकल घेतली, तर त्या वस्तू नुसत्या चैनीच्या नसतात. ‘आम्हीही माणसे आहोत’ असे ते घर सांगत असते. १९२७ साली महाडच्या तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी गेले, ते नुसते तहान भागवायला गेले नव्हते. माणूस म्हणून समान हक्क सिद्ध करायला गेले होते. म्हणून एखाद्या आदिवासी किंवा दलित घरातला मुलगा पैसे कमवायच्या मागे लागला तर त्याला लोभाचे प्रवचन देण्याआधी आपण थोडे थांबावे.

आपल्या ख्रिस्तसभेने या प्रश्नावर अलीकडेच एक उपयोगी फरक सांगितला आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांच्या मान्यतेने एप्रिल २०२४ मध्ये ‘दिग्नितास इन्फिनिता’ हा मानवी प्रतिष्ठेविषयीचा दस्तऐवज निघाला. त्यात प्रतिष्ठेचे निरनिराळे अर्थ वेगळे केले आहेत. एक प्रतिष्ठा माणूस असण्यातच आहे. ती कोणी देत नाही आणि कोणी काढून घेऊ शकत नाही. आजार, गरिबी, तुरुंग यांनीही ती जात नाही. दुसरी सामाजिक प्रतिष्ठा, म्हणजे माणसाला शोभेल अशा परिस्थितीत जगता येणे. ही मात्र हिरावून घेतली जाते, रोज घेतली जात आहे.

या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या पाहिजेत. फक्त पहिली धरली तर आपण उपाशी माणसाला ‘तू देवाचे लेकरू आहेस’ असे सांगून दार लावून घेऊ. फक्त दुसरी धरली तर ज्याच्याजवळ काही नाही तो कोणीच नाही, असे म्हणावे लागेल. दोन्ही एकत्र धरल्या की एक सरळ निष्कर्ष निघतो : माणसाचे मोल पैशाने ठरत नाही, म्हणूनच त्याच्या घामाचे दाम बुडवण्याचा कोणाला अधिकार नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोवारुम’ या पत्रात कामगारांच्या बाजूने हेच मांडले. मजूर गरजेपोटी कमी रोजाला ‘हो’ म्हणाला, एवढ्याने तो रोज न्याय्य होत नाही, असे त्यांचे म्हणणे. २०२५ मध्ये निवडून आलेले पोप लिओ चौदावे यांनी हे नाव घेताना याच पत्राची आठवण काढली.

संध्याकाळचा रोज

द्राक्षमळ्याच्या मालकाचा दृष्टान्त मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. मालक पहाटे मजूर ठरवतो, पुन्हा नऊ वाजता, दुपारी, आणि शेवटी दिवस मावळायच्या तासभर आधी. त्या शेवटच्यांना तो विचारतो की दिवसभर रिकामे का उभे राहिलात? त्यांचे उत्तर साधे आहे : आम्हाला कोणी कामावर लावले नाही. संध्याकाळी मालक सर्वांना सारखाच, एका दिवसाचा रोज देतो, आणि दिवसभर राबलेले कुरकुरतात.

आपल्या गावात हा दृष्टान्त समजावून सांगावा लागत नाही. सकाळी चौकात डबा घेऊन उभी राहणारी माणसे आपण पाहतो. अंगाने धट्टाकट्टा असेल त्याला मुकादम आधी उचलतो. वयस्कर, अशक्त, नवखा मागे राहतो. मिरचीच्या हंगामात देठ खुडणाऱ्या बाया वजनावर पैसे घेतात. ज्या बाईची बोटे झोंबून सुजली आहेत तिचे वजन कमी भरते. ‘आम्हाला कोणी कामावर लावले नाही’ हे शब्द किती जणांनी घरी जाऊन बायकोला सांगितले असतील! आणि ते सांगताना किती जणांना वाटले असेल की कामच हुकले असे नाही, आपणच टाकाऊ ठरलो.

हा दृष्टान्त प्रथम देवाच्या उदारतेविषयी आहे. पण त्यात हेही आहे की शेवटच्या मजुराला घरी तेवढीच तोंडे खायला घालायची आहेत, आणि ते मालकाला दिसते. बाजाराने त्याची किंमत शून्य ठरवली होती. मालकाने बाजाराला विचारले नाही. पहाटेच्या मजुरांचे ठरलेले त्याने एक पैसाही कापले नाही, हेही विसरू नये. न्याय त्याने पुरा केला आणि त्याच्यापुढे दया केली. न्याय बुडवून केलेली दया ही दया नव्हे.

या आठवड्यात काय करता येईल?

१. ज्यांच्यावर कर्ज आहे त्यांनी ते घरात लपवू नये. कर्ज हा हिशेबाचा प्रश्न आहे, चारित्र्याचा दाखला नव्हे. बायकोला, भावाला, विश्वासाच्या एका माणसाला आकडा सांगा. एकट्याने वाहिलेला आकडा रात्री दुप्पट होतो. मनात टोकाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नका. माझे दार उघडे आहे, आणि सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मिळते.

२. तरुणांनी पैशाचे ज्ञान जरूर घ्यावे. पण जो शिक्षक ‘तुझे विचार गरीब आहेत म्हणून तू गरीब आहेस’ असे म्हणतो, त्याच्यापासून दूर राहावे. आधी पैसे भरा, मग आणखी माणसे आणा, त्यांच्या पैशांतून तुम्हाला मिळेल, अशा साखळी योजना तर कायद्यानेच बंद आहेत. १९७८ चा कायदा आणि २०२१ चे थेट विक्रीचे नियम त्यासाठीच आहेत. मित्राला गिऱ्हाईक समजायला लावणारा धंदा पैशाआधी मैत्री खातो.

३. ज्यांच्या शेतात, दुकानात किंवा घरात कोणी कामाला येते, त्यांनी रोज ठरलेल्या दिवशी आणि पूर्ण द्यावा. ‘पुढच्या बाजाराला ये’ असे सांगून हेलपाटे घालायला लावू नये. ज्या माणसाला आपल्या हक्काच्या पैशासाठी हात जोडावे लागतात, त्याला आत्मसन्मानाचे पुस्तक देऊन काय उपयोग?

४. स्थळ पाहताना ‘मुलगा किती कमावतो’ हे विचारणे चूक नाही. संसार चालवायचा आहे. पण तो पहिला आणि शेवटचा प्रश्न असू नये. आहेराची पाकिटे उघडताना नाव आणि रक्कम मोठ्याने वाचायची पद्धत काही घरांत आहे, ती बंद करता आली तर पाहा. रिकाम्या हाताने यावे लागते म्हणून कितीतरी नातेवाईक येतच नाहीत.

५. शेवटचा मुद्दा आपल्या चर्चचा. सोन्याची अंगठी घातलेला माणूस आला की पुढची जागा द्यायची आणि मळक्या कपड्यांतल्याला उभे करायचे, यावर संत याकोबाने पहिल्या शतकातच पत्र लिहून कान उपटले आहेत. सणाच्या वेळी देणगीदारांची नावे रकमेच्या क्रमाने लावण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. आपल्याकडे ती नावे वर्णानुक्रमे, रकमेशिवाय लावावीत, असे मी पुढच्या बैठकीत धर्मग्राम समितीसमोर मांडणार आहे. मंदिराच्या दानपेटीत दोन नाणी टाकणाऱ्या विधवेकडे प्रभू येशूने शिष्यांचे लक्ष वेधले होते. रकमेच्या यादीत ती सर्वांत शेवटी आली असती.

ज्या दिवशी बाळाला बाप्तिस्म्यासाठी आणले जाते, त्या दिवशी त्याच्या नावावर काही नसते. त्याने काही कमावलेले नाही, काही सिद्ध केलेले नाही, ते अजून मानही धरत नाही. तरी आपण सगळे उभे राहतो, त्याला नावाने हाक मारतो, मेणबत्ती पेटवतो. पुढे ते मोठे होऊन इंजिनियर होईल की सुरतेला जाऊन गिरणीत काम करील, हे आपण तेव्हा विचारत नाही. त्या बाळाला आपण त्या दिवशी जसे पाहतो, तसे एकमेकांना आणि स्वतःलाही पाहता यावे, एवढी कृपा या आठवड्यात मागू या. आणि ज्याचे कोणाचे आपण काही देणे लागतो, ते शनिवारच्या आत देऊन टाकू या.

परमेश्वर आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला ख्रिस्तात,
धर्मगुरू